चित्रात बघे कुठं आहेत?

मित्रांनो, प्रश्न साधा आहे, पण आपण तो टाळत आलो आहोत. आपल्या अपमानाचं चित्र काढावं की काढू नये? काढलं तर ते कुणाच्या भिंतीवर लावायचं? आणि लावल्यावर कुणी मान खाली घालायची, आपण की त्यांनी?

साहित्यात आपण हा प्रश्न केव्हाच निकालात काढला. १८५५ साली मुक्ता साळवे नावाच्या मांगाच्या पोरीनं 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. सावित्रीबाई-जोतिबांच्या शाळेतली ती पोर. तिनं लाज धरली नाही. पुढं कविता आली, आत्मकथनं आली. त्यांच्यासोबत उकिरडा आला, शिवी आली, भूक आली. पांढरपेशांनी नाकं मुरडली, आपण मुरडू दिली. पण शब्द आणि चित्र यांत एक फरक आहे. पुस्तक मिटता येतं. चित्र भिंतीवरच राहतं. येणारा-जाणारा पाहतो, शेजारी पाहतो, घरातलं लेकरू जेवता जेवता पाहतं. कवितेतला अपमान एकट्यानं वाचायचा असतो, चित्रातला अपमान चारचौघांत उभा असतो. म्हणून चित्राचा हिशोब वेगळा मांडावा लागतो.

मी राईस मिलमध्ये पोती वाहणारा माणूस. चित्रकलेच्या शाळेची पायरी मी चढलेलो नाही. जे वाचलं ते रात्रपाळी सुटल्यावर वाचलं, जी चित्रं पाहिली ती छापील पानावर नाही तर मोबाईलच्या काचेवर पाहिली. पण हा वाद चित्रकारांनी आपसात मिटवायचा वाद नाही. ज्याचं चित्र निघतं त्यालाही त्यात बोलायचा हक्क आहे. त्या हक्कानं बोलतो.

हिशोब मांडायला आपल्या विदर्भातलाच एक माणूस घेऊ. सवी सावरकर. आडनाव ऐकून दचकू नका, माणूस आपला आहे. १९६१ साली नागपुरात बौद्ध घरात जन्मला. नागपुरात चित्रकला शिकला आणि पुढं बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात जाऊन छापचित्रं करायला शिकला. बडोदा म्हणजे तेच गाव, जिथं १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना राहायला खोली मिळाली नाही. त्या गावातून हा पोरगा हातात तांब्या-जस्ताचे पत्रे आणि मनात पेशवाई घेऊन बाहेर पडला. पुढं दिल्लीच्या कॉलेज ऑफ आर्टमध्ये त्यानं शिकवलं. मेक्सिकोला जाऊन तिथली भित्तिचित्रं पाहिली. रिव्हेरा, ओरोस्को, सिकेरोस या चित्रकारांनी १९२० नंतर सरकारी इमारतींच्या भिंतींवर शेतकरी, मजूर आणि मूळचे आदिवासी यांना देवळातल्या देवांएवढं मोठं करून उभं केलं होतं. ते पाहून आलेला माणूस दिवाणखान्यासाठी गुलाबाची फुलं काढणार नव्हता.

सवी काय काढतो? गळ्यात मडकं अडकवलेला अस्पृश्य. मेलेली गाय वाहून नेणारी माणसं. देवाच्या नावानं गावानं वापरलेली देवदासी. आणि या सगळ्यांच्या वर बसलेला मनू. रेषा जाड, काळी, ओबडधोबड. रंग अंगावर येणारा. डोळे असे की आपणच पाहिले जातोय असं वाटावं. गॅरी टार्टाकोव्ह या अमेरिकन अभ्यासकानं दलित कलेवर एक ग्रंथ संपादित केला, तो २०१२ साली ऑक्सफर्डनं छापला. त्यात सवीच्या चित्रांचा विचार आहे. आपल्या चळवळीतल्या किती घरांत हे नाव पोचलं, ते तुम्हीच आपापल्या वस्तीत विचारून पाहा.

आता आक्षेप. आक्षेप मी घरातूनच घेतो, कारण बाहेरच्यांचे आक्षेप आपल्याला पाठ आहेत.

मडकंवाल्या माणसाचं चित्र मी मोबाईलवर आजीला दाखवलं. तिनं काच डोळ्याजवळ नेली, बराच वेळ पाहिलं आणि परत दिली. म्हणाली, "कायले दाखवतं रे हे? मडकं काई मी पायलं नाई. पण ढोर ओढताना माह्या बापाले पायलं. छपन्न साली त्यानं ते सोडलं. त्यानं सोडलेलं तू कायले उचलून आणतं?"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसांनी जुनं टाकलं ते वळून न पाहण्यासाठी. मेलेलं ढोर ओढायचं नाही, देव्हारा ठेवायचा नाही, हात पसरायचा नाही. भिंतीवर बुद्ध आला, निळ्या कोटातले बाबासाहेब आले. हे आपल्या माणसांनी स्वतः निवडलेलं चित्र होतं. गॅलरीवाल्यांनी त्याला कधी कला म्हटलं नाही, पण मातीच्या भिंतीला खिळा ठोकून ज्या बाईनं तो फोटो लावला तिला कळत होतं की आपण काय लावतोय. खिशाला पेन, हातात पुस्तक, पायात बूट. ज्याला चप्पल घालून गावातून जाता येत नव्हतं त्याच्या घरात बूट घातलेला बाप आला. आजी म्हणते ते हेच. माणूस जे रोज पाहतो तसा तो होत जातो. मग लेकरांनी रोज मडकं का पाहावं?

यावर आपल्यातले तापट मित्र म्हणतात, दाखवलं नाही तर ते म्हणतील असं काही झालंच नव्हतं. हेही खरं आहे. आजच म्हणतात. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून आणि गळ्यात मडकं अडकवून चालावं लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन'मध्ये मांडलं. पण जरा थांबा. बाबासाहेबांनी ते कुणासाठी लिहिलं? लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी. म्हणजे सवर्ण सुधारकांपुढं बोलायला. मंडळाला भाषणातलं काही पचलं नाही, अधिवेशन रद्द झालं, मग बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापलं. मडकं त्यांनी आपल्या माणसाला खिजवायला काढलं नव्हतं. ज्यांच्या आज्यापणज्यांनी ते अडकवलं, त्यांच्या टेबलावर ते ठेवलं होतं. वस्तू तीच, पण कुणापुढं ठेवली यानं तिचा अर्थ उलटा होतो.

म्हणून 'दाखवा' आणि 'दाखवू नका' या दोन्ही बाजू मला अपुऱ्या वाटतात. जखम दाखवणं हे मुळातच शौर्य नाही, आणि झाकणं म्हणजेच स्वाभिमान असंही नाही. जखम कशी दाखवली, कुणाच्या हुकमानं दाखवली, आणि जखम करणारा हात चित्रात ठेवला की कापून टाकला, हे विचारावं लागतं.

हे मी हवेत बोलत नाही. आमच्या भंडारा जिल्ह्यातच मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६. एका बौद्ध घरातली चार माणसं गावानं मारली. आई, मुलगी, दोन मुलगे. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा होतो. मोठा झाल्यावर त्या मृतदेहांचे फोटो मी पाहिले, तुम्हीही पाहिले असतील. ते हातोहात फिरले. त्या फोटोंनी लोक रस्त्यावर आले हे मान्य करू. पेपरांनी ज्याला आधी साधं खून प्रकरण म्हणून कोपऱ्यात टाकलं, ते त्या फोटोंमुळं झाकता आलं नाही. पण एक गोष्ट मला सलते. त्या माय-लेकींना कुणी विचारलं? विचारायला त्या उरल्या नव्हत्या. ज्यांच्या अंगावरचं लुगडं गावानं ओढलं, त्यांचं तसंच अंग आपण मोर्च्याच्या फलकापर्यंत नेलं. मी कुणा कार्यकर्त्याला दोष देत नाही. त्या दिवसांत राग एवढा होता की विचाराला सवड नव्हती. आता सवड आहे, म्हणून विचार करू.

त्या फोटोंत काय दिसतं? चार देह. काय दिसत नाही? गाव दिसत नाही. ज्यांनी मारलं ते नाहीत, ज्यांनी पाहिलं ते नाहीत, ज्यांनी दार लावून घेतलं ते नाहीत. आणि पुढं कोर्टात तेच झालं. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली नागपूर खंडपीठानं फाशी काढून पंचवीस वर्षांची कैद दिली. पण अॅट्रॉसिटी कायदा दोन्हीकडं लागला नाही. म्हणजे खून मान्य, जात अमान्य. मेलेली माणसं चौकटीत राहिली, मारण्याचं कारण चौकटीबाहेर गेलं. फोटोचं जे झालं तेच निकालपत्राचं झालं. मित्रांनो, चौकट म्हणजे नुसती लाकडाची पट्टी नसते. काय आत ठेवायचं आणि काय बाहेर, हा निर्णय म्हणजे चौकट. अर्धा अन्याय तिथंच होतो.

आता याच्या उलटा एक फोटो पाहा. अमेरिकेत इंडियाना राज्यात मॅरियन नावाचं गाव आहे. ऑगस्ट १९३० मध्ये तिथं गोऱ्यांच्या जमावानं तुरुंग फोडला, दोन काळे तरुण बाहेर ओढले, मारले आणि झाडाला टांगले. थॉमस शिप आणि अब्राम स्मिथ ही त्यांची नावं. गावातल्या फोटोग्राफरनं फोटो काढला. या फोटोत वर दोन देह आहेत आणि खाली जमाव आहे. माणसं कॅमेऱ्याकडं बघताहेत. कुणी हसतोय. एक जण बोट वर करून दाखवतोय. जत्रेला आल्यासारख्या बायका उभ्या आहेत. या फोटोच्या हजारो प्रती विकल्या गेल्या. लोकांनी आठवण म्हणून घरी नेल्या. बघ्यांना चौकटीत यायची लाज वाटली नाही, कारण त्यांना खात्री होती की आपल्याला कुणी काही करणार नाही. तसंच झालं.

या फोटोचं काय करावं? फाडावा? पुन्हा छापावा? केरी जेम्स मार्शल या काळ्या चित्रकारानं तिसरा रस्ता काढला. त्याच्याबद्दल थोडं सांगतो. १९५५ साली अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये जन्म. १९६३ साली घर लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत आलं. दोन वर्षांनी, १९६५ साली, ती वस्ती पेटली. तिथंच वाढला, चार्ल्स व्हाइट या काळ्या चित्रकाराच्या हाताखाली शिकला, १९७८ साली ओटिस आर्ट इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडला, पुढं शिकागोत राहिला. या मार्शलनं २००२ साली मॅरियनचा तोच फोटो घेतला आणि जवळजवळ पुसून टाकला. पांढुरका, फिकट, डोळे ताणले तर दिसेल एवढाच. फक्त जमावातल्या तीन बायकांचे चेहरे त्यानं स्पष्ट ठेवले, एका चित्रात एक, असे तीन चित्रांत तीन. प्रत्येक चेहऱ्याभोवती गळ्यातल्या साखळीचं लॉकेट. नाव दिलं त्याला, वारशात मिळालेले दागिने अशा अर्थाचं.

म्हणजे त्यानं काय केलं? टांगलेल्या पोरांना पुन्हा टांगलं नाही. त्यांना फिकट करून एक प्रकारे झाकलं. आणि बघ्याला पकडलं. सांगितलं की बाई, तुझ्या नातीच्या गळ्यात जे लॉकेट आहे ना, त्यात हे आहे. जमीन वारशानं मिळते, घर वारशानं मिळतं, तसं हे पाहत उभं राहणंही वारशानं मिळतं. मी हे चित्र पाहिलं तेव्हा मला कळलं की खैरलांजीच्या फोटोत मला काय सलत होतं. त्यात लॉकेट नव्हतं.

पण दुसरी बाजूही पाहायला पाहिजे, नाही तर मी सोयीचं तेवढं सांगितलं असं होईल. मार्शल जन्मला त्याच १९५५ सालच्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीत एमेट टिल हा चौदा वर्षांचा पोरगा मारला गेला. गोऱ्या बाईची छेड काढली असा आळ. देह नदीत टाकलेला, चेहरा ओळखू येईना. शिकागोत त्याची आई मॅमी टिल हिनं ठरवलं, शवपेटी उघडी ठेवायची. हजारो लोकांनी रांगा लावून पाहिलं. 'जेट' या काळ्यांच्या मासिकानं फोटो छापला. मारेकरी सगळ्या गोऱ्या पंचांनी महिनाभरात सोडून दिले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी पैसे घेऊन एका मासिकात खुनाची कबुली दिली. पण तो फोटो पाहिलेली पिढी पुढं रस्त्यावर उतरली. इथं चौकटीत मारेकरी नव्हते, बघे नव्हते. तरी ते चित्र खरं ठरलं. का? कारण पेटी उघडी ठेवायचा हुकूम आईचा होता. लेक तिचा, जखम तिची, निर्णय तिचा. आणि तिनं फोटो आधी आपल्या माणसांच्या मासिकात दिला.

याच टिलच्या फोटोवरून डॅना शुट्झ या गोऱ्या चित्रकार बाईनं चित्र काढलं. २०१७ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात ते लागलं. तेव्हा पार्कर ब्राइट हा काळा चित्रकार त्या चित्रापुढं पाठ करून उभा राहिला, येणाऱ्याला चित्र नीट दिसू नये म्हणून. काहींनी चित्र नष्ट करा अशी मागणी केली, काहींनी त्या मागणीला विरोध केला. शुट्झबाई म्हणाल्या, आई म्हणून मला ते जाणवलं. असेलही. पण प्रश्न त्यांना जाणवलं की नाही हा नव्हता. मॅमी टिलनं उघडी ठेवलेली पेटी एक आरोप होता. आरोप ज्यांच्यावर होता त्यांच्यातल्याच कुणी तो आरोप उचलून स्वतःच्या करुणेचं चित्र केलं, तर आरोपाचं काय उरतं?

आपल्याकडं हा प्रश्न रोजचा आहे. सवर्ण चित्रकारानं, सिनेमावाल्यानं आमचं दुःख काढावं का? मी बंदी घालणाऱ्यांतला नाही. चित्र जाळा म्हणणाऱ्यांतलाही नाही, आपली पुस्तकं जाळणारे आपण पाहिले आहेत. आपण स्वतः १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली ती कायद्याची पोथी होती, कुणाच्या हातचं चित्र नव्हतं. मी एवढंच म्हणतो, गड्या, तुला काढायचंच आहे ना, मग तुला जे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे ते काढ. तुझ्या घरातली ती वेगळी ठेवलेली कपबशी काढ. पारावर बसून सगळं पाहिलेला तुझा काका काढ. रात्री दार लावून घेणारी तुझी माय काढ. माझ्या मायचं फाटलेलं लुगडं मला पाठ आहे, ते तू मला शिकवू नको. तुझ्या वाड्याच्या आतलं मला कधी पाहता आलं नाही, ते तूच काढू शकतो. ज्या दिवशी तू ते काढशील त्या दिवशी तू आपल्या बाजूनं चार पावलं आलास असं मी मानीन.

आता परत सवीकडं येऊ. त्याची मडक्याची, मेल्या गाईची चित्रं आजीच्या आक्षेपाला टिकतात का? मला वाटतं टिकतात, दोन कारणांनी. एक, मडकं घालणारा माणूस त्याच्या चित्रात दयेसाठी उभा नाही. तो पाहतो. त्याच्या नजरेखाली पाहणाऱ्याला नीट उभं राहता येत नाही. दुसरं, सवी मनूला सोडत नाही. गायही आहे आणि गायीला आई म्हणून तिचं मढं दुसऱ्याच्या खांद्यावर देणारी व्यवस्थाही आहे. देवदासी आहे आणि तिच्यावर हक्क सांगणारा देवही आहे. जखम आणि हात, दोन्ही चौकटीत.

पण आजी हरली असंही मी म्हणणार नाही. आजीचं म्हणणं आहे की हे घरात नको. आणि ते बरोबर आहे. सवीचं मडकं घरातल्या भिंतीसाठी नाहीच. ते कलेक्टर कचेरीच्या जिन्यात लागावं, शाळेच्या इतिहासाच्या वर्गात लागावं, पुण्याच्या शनिवारवाड्यासमोर लागावं. घरातल्या भिंतीला दुसरं चित्र पाहिजे, आणि तेही निळ्या कोटाशीच थांबू नये.

इथं मार्शलचं बाकीचं काम उपयोगी पडतं. त्याची बहुतेक चित्रं जखमेची नाहीतच. 'डी स्टाईल' हे १९९३ सालचं चित्र म्हणजे काळ्यांचं न्हाव्याचं दुकान, केस कापून घेणारे आणि वाट बघणारे गडी. १९९४-९५ साली त्यानं सरकारी घरकुलांच्या वस्त्या काढल्या, ज्यांना पेपरवाले फक्त गुन्ह्याच्या बातमीत आणत. त्यानं तिथं झाडं काढली, फुलं काढली, गवत कापणारी माणसं काढली. आणि माणसं काळी. तपकिरी करून, उजळवून नाही. कुट्ट काळी. त्यासाठी तो तीन वेगवेगळे काळे रंग वापरतो, त्यांत निळा, हिरवा, जांभळा मिसळून काळ्याच्याच छटा काढतो. ज्यांना तो एकच काळा डाग वाटत होता, त्यांना त्यात चेहरे शोधावे लागतात.

आमच्या मिलमध्ये धान येतं तेव्हा तांदळावर तांबूस साल असते. पॉलिशवर घातला की ती साल कोंड्यात जाते आणि दाणा पांढराफेक निघतो. जेवढा पांढरा तेवढा भाव. कस मात्र कोंड्यात गेलेला असतो. आपल्या कॅलेंडरवाल्यांनी आपल्या चेहऱ्यांचं हेच केलं. उन्हात राबणाऱ्यांच्या महापुरुषांना गोरंगोमटं केलं आणि आपण ते बिनबोभाट भिंतीला लावलं. झाडीपट्टीतली नाटकं घ्या. वडशाच्या कंपन्या दिवाळीपासून गावोगाव फिरतात, आमच्या भागातल्या माणसाला रंगवलेला मोठा पडदा पहिल्यांदा तिथंच दिसतो. मी पाहिलेल्या पडद्यांवर महाल होता, देऊळ होतं, जंगल होतं, पाटलाचा वाडा होता. विहाराची गल्ली नव्हती. रोवणीला वाकलेली बायांची रांग नव्हती. मिलचा हमाल नव्हता. म्हणजे अपमानाचंही चित्र नाही आणि साध्या जगण्याचंही नाही. चित्राच्या जगात आपला जन्मच व्हायचाय.

काही पोरं ते काम करू लागली आहेत. मुंबईत विक्रोळीचा विक्रांत भिसे दलित पँथरच्या जुन्या कागदपत्रांवरून, फोटोंवरून चित्रं करतो. १९७२ साली ज्यांनी पँथर काढली त्यांचे मोर्चे, सभा, चेहरे तो रंगात आणतो. ही जखम नाही आणि देव्हाराही नाही. उभं राहिलेल्या माणसाचं हे चित्र आहे.

आता पैशाचं बोलू, कारण पैशाचं न बोलता नीतीचं बोलणं हा पोट भरलेल्यांचा धंदा आहे. मार्शलचं 'पास्ट टाइम्स' हे चित्र १९९७ साली शिकागोतल्या एका सार्वजनिक संस्थेनं पंचवीस हजार डॉलरला घेतलं आणि २०१८ साली लिलावात दोन कोटी अकरा लाख डॉलरला विकलं. त्याच वर्षी शिकागो शहरानं वस्तीतल्या वाचनालयात लावलेलं त्याचं दुसरं चित्र लिलावात काढायचं ठरवलं. १९९५ साली ते दहा हजार डॉलरला करून घेतलं होतं, त्यात काळी लेकरं मोठमोठ्या पुस्तकांकडं पाहत उभी आहेत. ओरड झाली तेव्हा शहरानं ते मागं घेतलं. ओरड झाली नसती तर वाचनालयातली लेकरं कुणा शेटच्या दिवाणखान्यात गेली असती. चित्र खरं असून भागत नाही. ते कुणाच्या ताब्यात राहतं हेही चित्राच्या नीतीत येतं.

यावर उपाय सवीच्या शिक्षणातच आहे. छापचित्र एका पत्र्यावरून पन्नास निघतं. आपलं हे पान एका स्टेन्सिलवरून जसं निघतं तसंच. लाकडाचा किंवा लिनोलियमचा ठोकळा कोरायला गॅलरी लागत नाही, शाई आणि मनगट लागतं. एक प्रत शेटकडं गेली तरी एकोणपन्नास वस्तीत राहतात. ज्या कलेची एकच प्रत असते ती विकत घेणाऱ्याची होते. जिच्या पन्नास होतात ती वाटणाऱ्याची होते.

शेवटी एक कडू गोष्ट. मार्शलचं मोठं प्रदर्शन २०२५ साली लंडनच्या रॉयल अॅकॅडमीत लागलं. त्यात त्यानं गुलामांच्या व्यापारात सामील असलेली आफ्रिकन माणसंही काढली. आपल्याच माणसाला विकणारी आपली माणसं. गोऱ्यांना यातून पळवाट मिळेल अशी भीती त्याला असणारच. तरी काढलं. कारण बघ्याला चौकटीत आणायचं म्हटल्यावर आपल्यातला बघा वगळता येत नाही. मांगाच्या हातचं पाणी न पिणारा महार, मेहतराच्या दारात चहा न घेणारा कार्यकर्ता, सभेत समतेवर बोलून घरी बायकोवर हात उचलणारा भाषणबाज, यांचं चित्र कोण काढणार? ते सवर्णानं काढलं तर आपण चिडू, आणि चिडायला आपल्याला जागाही असेल. म्हणून ते आपणच काढलं पाहिजे.

तेव्हा मित्रांनो, कोणतंही चित्र समोर आलं, कुणीही काढलेलं, तर त्याला तीन गोष्टी विचारा. जखम कुणाची आणि दाखवायचा हुकूम कुणाचा? जखम करणारा आणि पाहत राहणारा चौकटीत आहे की नाही? आणि हे चित्र शेवटी कुणाच्या भिंतीवर, कुणाच्या ताब्यात राहणार? तिन्हींची उत्तरं मिळाली तर ते बिनधास्त लावा, मग ते कितीही बोचो. एकाचंही मिळालं नाही तर हात आखडता घ्या, मग ते कितीही सुंदर असो.

आणि ज्याला रेघ ओढता येते त्यानं बसून राहू नये. मला येत नाही, मी लिहितो. तुमच्यातल्या कुणाच्या तरी मनगटात ती असेल. १९५४ साली याच भंडाऱ्यात बाबासाहेब पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले. हरवणारे कोण होते, आणि घरी बसून पाहणारे कोण होते? त्या दिवसाचं चित्र अजून कुणी काढलेलं मला दिसलं नाही. तिथून सुरू करा. आणि काढाल तेव्हा बघ्यांसाठी चौकटीत जागा ठेवा.

जय भीम.